मोठा नट ओळखायचा कसा? अभिनयाचा आवाका पारखण्याची एक रीत

नोव्हेंबर उजाडला की पणजीत इफ्फीची लगबग सुरू होते. २००४ पासून हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो आहे. कुणा नटाचा गौरव होतो, कुणाचे निवडक सिनेमे पुन्हा पडद्यावर येतात, आणि मग वर्तमानपत्रांत, फेसबुकवर, आयनॉक्सबाहेरच्या रांगेत एकच शब्द ऐकू येऊ लागतो: रेंज. 'काय रेंज आहे या माणसाची!' समोरचा म्हणतो, 'कसली रेंज? सगळीकडे तोच दिसतो.' दोघंही मनापासून बोलत असतात, पण पुरावा कुणापाशीच नसतो. रेंज नेमकी कशात बघायची हे ठरलेलं नसेल, तर असा वाद दिवसभर चालू शकतो. ती बघता येते, आणि त्यासाठी सिनेमाचा अभ्यासक असावं लागत नाही. थोडा धीर हवा आणि काय बघायचं याची यादी डोक्यात हवी.

आवाका म्हणजे काय

रेंजला मराठीत आवाका म्हणू. एकाच नटाच्या निरनिराळ्या भूमिकांमध्ये जे अंतर दिसतं, आणि जे त्याने स्वतः निर्माण केलेलं असतं, तो त्याचा आवाका. या व्याख्येचा दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एका सिनेमात राजा, दुसऱ्यात भिकारी, तिसऱ्यात ऐंशी वर्षांचा म्हातारा अशी यादी वाचली की आवाका मोठा वाटतो. पण राजाचा मुकुट वेशभूषाकाराने दिलेला असतो, भिकाऱ्याचे संवाद लेखकाने लिहिलेले असतात आणि म्हाताऱ्याच्या सुरकुत्या रंगभूषाकाराने काढलेल्या असतात. ते सगळं बाजूला केल्यावर जे उरतं, तेवढंच नटाच्या खात्यात जमा करायचं.

मंगेशीचे मास्टर दीनानाथ 'भावबंधन'मध्ये लतिका होत आणि 'मानापमान'मध्ये धैर्यधर. कागदावर याहून मोठं अंतर सापडणार नाही. पण पुरुषांनी लुगडं नेसून रंगमंचावर येणं हा त्या काळातला रिवाज होता, लुगडं नेसणारे पुष्कळ होते. त्यांतल्या मोजक्यांचीच नावं उरली, यावरून लुगड्याचा वाटा किती आणि नटाचा किती याचा अंदाज येतो.

आधी वजाबाकी

सिनेमात ही वजाबाकी नाटकापेक्षा अवघड असते, कारण नटाच्या कामात परक्या हातांची भर जास्त पडते. त्यांतले दोन हात नीट ओळखले पाहिजेत.

पहिला हात संकलकाचा. संकलन म्हणजे चित्रित केलेले तुकडे कापून जोडणं. १९२० च्या आसपास लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपच्या वाडग्याला जोडून दाखवला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईला. चेहऱ्याचा तुकडा तोच होता, तरी प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. आजही हेच चालतं. नट नुसता खिडकीबाहेर बघतो, पुढच्या तुकड्यात त्याची मेलेली आई दिसते आणि आपले डोळे भरून येतात. त्या क्षणाचं श्रेय कुणाचं हे सांगता येत नाही. म्हणून परीक्षेसाठी असे प्रसंग निवडावेत ज्यांत कात्री कमी चालली आहे: वीस-पंचवीस सेकंद न तुटलेलं दृश्य, दोन माणसं एकाच चौकटीत, आणि शक्य तर नट पायांपर्यंत दिसणारा. चेहऱ्यावर नियंत्रण ठेवणारे नट पुष्कळ आहेत, पण पाय बऱ्याचदा खरं सांगून टाकतात.

दुसरा हात आवाजाचा. आपल्याकडे कित्येक दशकं सिनेमातले संवाद चित्रीकरणानंतर स्टुडिओत पुन्हा बोलले जात. यालाच डबिंग म्हणतात. कधी ते नट स्वतः करतो, कधी दुसराच कुणी. 'आखरी रास्ता'मध्ये (१९८६) श्रीदेवीसाठी रेखाचा आवाज वापरला होता, आणि हिंदीत श्रीदेवीचा स्वतःचा आवाज ऐकू आला तो 'चांदनी'पासून (१९८९). तेव्हा जुन्या सिनेमातल्या आवाजावरून नटाला पास-नापास करण्याआधी तो आवाज कुणाचा हे बघावं. 'लगान'सारखे (२००१) चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपलेले सिनेमे या परीक्षेला अधिक चांगले, कारण त्यात श्वासही नटाचाच असतो.

इफ्फीत आणखी एक अडचण येते. परक्या भाषेतला सिनेमा बघताना डोळे पडद्याच्या तळाशी सबटायटलं वाचत असतात आणि नटाची नजर नेमकी त्याच वेळी निसटते. शिवाय जी भाषा येत नाही तिच्यातला उच्चार खरा की ओढूनताणून आणलेला, हे आपल्याला कळू शकत नाही. अशा सिनेमात आवाजावर मत देऊ नये. जिथे कुणी बोलत नाही त्या जागा बघाव्यात: दार उघडणं, ताटावर बसणं, दुसऱ्याचं बोलणं ऐकणं.

लांबच्या भूमिका सोडा, जवळच्या बघा

सर्वसाधारण समज असा की आवाका बघायचा तर नटाच्या एकमेकींपासून सर्वांत लांबच्या भूमिका समोर ठेवाव्यात. नायक आणि खलनायक, गंभीर आणि विनोदी. माझ्या मते ही पद्धत कच्ची आहे. लांबच्या भूमिकांमधलं बरंचसं अंतर लेखकाने आधीच करून ठेवलेलं असतं. खरी कसोटी लागते ती शेजारशेजारच्या भूमिकांत.

गाणं ऐकणाऱ्यांना हे चटकन पटेल. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर आहेत. मारवा आणि भैरवी कुणीही वेगळे करून दाखवील. पण भूप गाताना गंधारावर राहायचं आणि देशकार गाताना धैवताकडे ओढ ठेवायची, आणि पाचच स्वरांत संध्याकाळ आणि सकाळ वेगळी करायची, याला गवई लागतो. नटाच्या बाबतीतही तसंच. एकाच वर्गातली, एकाच वयाची, एकाच संकटात सापडलेली दोन माणसं त्याने वेगळी केली का, ते बघायचं.

ओम पुरी यांचं काम या परीक्षेला फार चांगलं आहे. एक तर त्यांचा चेहरा लपणारा नव्हता. देवीच्या व्रणांचा तो चेहरा कुठल्याही रंगभूषेखाली ओळखू येई, त्यामुळे सोंग बदलून अंतर दाखवण्याची वाट त्यांना जवळजवळ बंदच होती. दुसरं म्हणजे 'आक्रोश' (१९८०), 'अर्धसत्य' (१९८३) आणि 'तमस' (१९८८) या तिन्ही कामांचे दिग्दर्शक एकच, गोविंद निहलानी. भूमिका वेगळ्या दिसल्या त्या दिग्दर्शक बदलल्यामुळे, असं म्हणायला जागाच राहत नाही.

पहिली जोडी: 'आक्रोश'मधला लहान्या भिकू आणि 'तमस'मधला नत्थू. दोघेही समाजाच्या तळाशी दडपलेले, दोघेही गरीब, दोघांचाही बळी दुसऱ्यांच्या कारस्थानात गेलेला. लहान्या आदिवासी मजूर. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे आणि जवळजवळ सगळा सिनेमा तो बोलत नाही. वकील येतो, विचारतो, समजावतो, चिडतो, लहान्या गप्प. ही गप्पगिरी भ्यालेल्या माणसाची नव्हे. काय घडलं हे त्याला पूर्ण ठाऊक आहे, आणि बोलून काही होणार नाही हेही. म्हणून ओम पुरी शरीर जवळजवळ हलवत नाहीत. प्रश्न आला की मान वळत नाही, नजरेतला ताण मात्र वाढतो. सगळी ताकद आत कोंडलेली. शेवटी बापाच्या अंत्यविधीला त्याला बेड्यांत आणतात, तो कुऱ्हाड उचलतो, आपल्यामागे बहिणीचे हाल होऊ नयेत म्हणून तिलाच मारतो आणि आभाळाकडे तोंड करून ओरडतो. ती किंकाळी अंगावर येते, कारण त्याआधीचा दीड-दोन तासांचा संयम तिच्या पाठीशी आहे.

आता नत्थू. ठेकेदाराच्या सांगण्यावरून त्याला एक डुक्कर मारायचं आहे, आणि 'तमस' सुरू होतो तो त्याच्या त्या झटापटीपासूनच. इथे शरीर एक क्षण स्थिर नाही. कोंदट खोली, अपुरा उजेड, घामाघूम झालेला नत्थू, आणि जनावर काही आवरत नाही. त्याला ते काम येत नाही, हे हातांवरून कळतं. पुढे तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर टाकलेलं सापडतं, शहर पेटतं, आणि हे आपल्या हातून झालं ही जाणीव त्याला हळूहळू खाऊ लागते. लहान्याला पहिल्यापासून सगळं माहीत आहे, नत्थूला कळायला वेळ लागतो. माहिती असलेला माणूस आणि माहिती उशिरा पोचणारा माणूस, एवढाच फरक ओम पुरींनी धरला आणि त्यातून दोन पूर्ण वेगळी शरीरं उभी केली. हा आवाका.

दुसरी जोडी पोलिसांची. 'अर्धसत्य'मधला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर आणि 'मक्बूल'मधला (२००३) इन्स्पेक्टर पंडित. वेलणकर ताठ, जबडा आवळलेला, राग चुकीच्या जागी फुटणारा. त्याचा एक प्रसंग वेळ काढून बघावा: स्मिता पाटीलसमोर बसून तो दिलीप चित्रे यांची चक्रव्यूहावरची कविता वाचतो. सुरुवात सहज, पुस्तक हातात आलं म्हणून वाचावं तशी. ओळी पुढे जातात तसा त्याचा वेग उतरतो, ओळी आपल्याबद्दलच आहेत हे त्याच्या ध्यानात येतं आणि वाचणारा माणूस बदलून जातो. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. बसल्या जागी, पुस्तकावरची नजर आणि वाचण्याची गती एवढ्याच साधनांनी हे केलं आहे. पंडित मात्र कुंडल्या मांडणारा, भविष्य वर्तवणारा, सगळं आधीच ठाऊक असल्यासारखा सैल. खाकीतल्या त्याच नटाने वीस वर्षांनी पोलीस करताना जुन्या पोलिसाची एकही लकब उसनी घेतलेली नाही.

घरी बसून करायची पारख

नट निवडल्यावर त्याचे पाच सिनेमे घ्यावेत. सर्वांत गाजलेला एक, नाव होण्याआधीचा एक, एक विनोदी, एक जिथे त्याला पाच-दहा मिनिटांचंच काम आहे असा, आणि एक पडलेला. गाजलेलेच सिनेमे घेतले तर चूक ठरलेली, कारण गाजलेल्या सिनेमात लेखक, छायाचित्रकार, संगीतकार सगळेच त्याला वर उचलत असतात. पडलेल्या सिनेमात आधार नसतो, नट एकटा काय करतो ते दिसतं. छोट्या कामात तर लपायला वेळच मिळत नाही. 'गांधी'मध्ये (१९८२) ओम पुरी नहारी म्हणून येतात, उपोषण करणाऱ्या गांधींच्या अंगावर भाकरी भिरकावतात, आपण एका मुलाला मारल्याचं सांगतात आणि शेवटी पायाशी कोसळतात. उर्मटपणा, आतली भीती आणि मोडून पडणं, तिन्ही काही मिनिटांत.

पाचही सिनेमांत एक समान कृती शोधावी. राग सगळ्यांना सुचतो, पण 'ऐकणं' अधिक उपयोगी. बोलताना नटाला संवादाचा आधार असतो, ऐकताना काहीच नसतं. तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग घेऊन तो तीनदा बघावा: एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज पूर्ण बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकून. आवाज बंद केल्यावर पार्श्वसंगीत जातं, आणि बरेच 'हेलावून टाकणारे' प्रसंग तिथेच सपाट पडतात. पाठ केल्यावर कळतं की नट शब्दांवर जोर देतो आहे की अर्थावर.

कागदावर चार रकाने आखावेत: नजर, श्वास, हात, बोलण्याची गती. त्यात क्रिया लिहाव्यात, विशेषणं नकोत. 'अप्रतिम', 'संयत', 'जिवंत' या शब्दांवरून दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. 'उत्तर देण्याआधी दरवाजाकडे बघतो', 'वाक्य संपल्यावर श्वास घेतो', 'हात खिशातून काढत नाही' यावरून सगळं आठवतं. पाच कागद शेजारी ठेवले की पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींवर खूण करावी. भुवई उंचावणं, वाक्याच्या शेवटी हसणं, केसांतून हात फिरवणं, या लकबी. दोन-तीन लकबी प्रत्येक नटाच्या असतात, त्यात वावगं काही नाही. पण समान प्रसंग आला की दर वेळी तीच लकब बाहेर पडत असेल, तर भूमिका बदलली तरी नट बदललेला नाही.

शेवटी प्रत्येक सिनेमाची पहिली पाच आणि शेवटची पाच मिनिटं लागोपाठ बघावीत. कथेत माणूस बदलला असेल तर तो बदल चालण्यात, बसण्यात उतरला आहे का? आवाक्याचा हा भाग एकाच भूमिकेत मावतो आणि बहुतेक वेळा नजरेआड राहतो. हे सगळं एका बैठकीत करू नये. महोत्सवात दिवसाला तीन-चार सिनेमे बघणाऱ्याला चौथ्या सिनेमात नटाची नजर टिपणं जमत नाही, तिथे फक्त टिपणं काढावीत आणि मत दोन दिवसांनी बनवावं.

'पण तो तर सगळीकडे सारखाच दिसतो'

बऱ्याचदा हा दोष नटाचा नसून त्याला मिळालेल्या कामांचा असतो. निळू फुले म्हटलं की कित्येकांना पाटील आणि सरपंचच आठवतात, कारण निर्मात्यांनी तेच पुन्हा पुन्हा मागितलं. 'सामना'मधला हिंदुराव पाटील आणि 'सिंहासन'मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस लागोपाठ बघितले की काय ते कळतं. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल. हिंदुराव सत्तेत मुरलेला, बसल्या जागेवरून गाव हलवणारा. दिगू सत्तेच्या कडेला उभा राहून सगळं टिपणारा, आणि शेवटी त्या साऱ्याने वेडा होऊन हसत सुटणारा. तेव्हा निवाडा देताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: नटाने काय दाखवलं, आणि त्याला काय दाखवायची संधी मिळाली. पहिल्याचं उत्तर पडद्यावर आहे. दुसऱ्यासाठी त्याची नाटकं, सुरुवातीची छोटी कामं शोधावी लागतात.

'नाटकातला एवढा मोठा नट, सिनेमात का वाटत नाही?'

गोव्यात हा प्रश्न हमखास निघतो. कालोत्सवातल्या, जत्रेतल्या नाटकांवर आणि कला अकादमीच्या स्पर्धांवर वाढलेला आपला प्रेक्षक शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा अभिनय मोठा मानतो, आणि रंगमंचासाठी ते बरोबरच आहे. तिथे नटाला आवाज फेकावा लागतो, हालचाल मोठी करावी लागते. क्लोज-अपमध्ये, म्हणजे चेहरा पडदाभर दिसतो त्या दृश्यात, तीच भुवई हातभर लांब होते. चांगला नट तिथे माप उतरवतो. डॉ. श्रीराम लागू यांनी १९७० मध्ये 'नटसम्राट'चा अप्पा बेलवलकर रंगमंचावर उभा केला आणि 'सिंहासन'मध्ये मुरब्बी मंत्री विश्वासराव दाभाडे पडद्यावर. दोन्ही माध्यमांना त्यांनी दोन वेगळी मापं लावली. नाटकाचं चित्रीकरण बघून 'ओव्हरॲक्टिंग' म्हणणं अन्यायाचं आहे, तो अभिनय कॅमेऱ्यासाठी केलेलाच नव्हता.

'पुरस्कार मिळालेत, अजून काय हवं?'

पुरस्कार बहुधा एका भूमिकेचा असतो. इफ्फीच्या स्पर्धेत उत्कृष्ट अभिनयासाठी रौप्य मयूर मिळतो तोही एका सिनेमातल्या कामाला, आणि परीक्षकांनी त्या वर्षीच्या स्पर्धेतल्या सिनेमांतूनच तो निवडलेला असतो. ती भूमिका श्रेष्ठ होती एवढंच त्यावरून ठरतं. शिवाय आजार, अपंगत्व, वजन वाढवणं किंवा घटवणं अशा डोळ्यांत भरणाऱ्या मेहनतीकडे परीक्षकांचं लक्ष लवकर जातं. ती मेहनत खरीच असते. पण तीस किलो घटवलेला नट समोरच्याचं ऐकतो कसा, हे तरीही वेगळं बघावंच लागतं.

'शेवटी सगळा आवडीनिवडीचा मामला'

कुठला नट आवडावा, हा आवडीचा मामला, यात वाद नाही. पण वेलणकर कविता वाचताना वेग कुठे उतरतो, हे दोन माणसं एकत्र बसून बोट ठेवून दाखवू शकतात. तिथे मतभेद झाला तर प्रसंग पुन्हा लावता येतो. चर्चा विशेषणांवरून क्रियांवर आली की निम्मे वाद आपोआप मिटतात, आणि उरलेले निम्मे ऐकण्यासारखे होतात.

आवाका लहान, म्हणजे नट लहान?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. आवाका हा गुणांपैकी एक गुण. 'सोंगाड्या'पासून (१९७१) दादा कोंडके यांनी एकच भोळाभाबडा, वरून वेंधळा आणि आतून पोचलेला गडी पुन्हा पुन्हा रंगवला. जवळच्या भूमिकांची वर सांगितलेली परीक्षा लावली तर ते तीत बसत नाहीत. पण शब्द टाकण्याआधी ते किती थांबतात, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत चेहरा कसा कोरा करतात, त्यांच्या एखाद्या प्रसंगावर हाच चार रकान्यांचा कागद भरून बघावा. बोलण्याच्या गतीचा रकाना सर्वांत आधी भरेल, आणि तो भरताना प्रसंग चार-पाचदा मागे न्यावा लागेल.